माफीची सही

नाही नाही, उठू नका भावोजी, उठायचं काय त्यात — माफीच्या कागदावर सही झाली म्हटलं ना मी, सकाळीच झाली, तुमचा लेक सुटला — मग आता तरी नीट टेकून बसा. चहा सांगितलाय. राज्यपालांच्या घरी सख्खा दीर आला आणि कोरड्या घशानं गेला, तर लोक काय म्हणतील? फोन? फोन बाहेरच ठेवून घेतात हो, मंत्री असला तरी. मला या घरात तुम्हीच पाठवलंत, आणि तुम्हालाच इथले नियम माहीत नाहीत होय?

बघा ना केवढी खोली. छताला झुंबर, भिंतीवर माझ्याआधीच्या सगळ्यांच्या तसबिरी — सगळे मिशावाले — आणि दाराशी पट्टेवाला, मी शिंकले तरी सलाम ठोकतो. 'वहिनी, खूप दगदग झाली, आता राज्यपाल व्हा, मानाचं पद आहे' — तुमचेच शब्द. मानाचं! फिती कापायच्या, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं आणि काचेच्या कपाटातल्या बाहुलीसारखं बसून राहायचं. मी बोलले का काही तेव्हा? नाही बोलले. तुमच्यापुढे गप्प बसायची सवय जुनीच. हे गेले — तुमचे दादा — घरात रडारड चालू होती आणि तुम्ही मला आतल्या खोलीत बोलावून म्हणालात, वहिनी, दादांच्या जागेवर तुम्ही उभ्या राहा, काही करायचं नाही, नुसते हात जोडायचे. जोडले. लोकांना दया आली, निवडून आले. ऑफिसात खुर्ची माझी, शेजारी स्टुलावर तुम्ही — येणारा माणूस नमस्कार मला करायचा आणि काम तुम्हाला सांगायचा. भाषणाला उभी राहिले की तुम्ही माइकवाल्याला खूण करायचात, अशी, दोन बोटांनी — की माइक बंद. लोक हसायचे. मला वाटायचं, माझाच आवाज बसला.

आठवतंय? हसताय म्हणजे आठवतंय. हसा.

मला बोलायला कुणी शिकवलं ते ठाऊक आहे ना? मास्तरीणबाईंनी. मुलींच्या शाळेतल्या, जाड भिंगाचा चष्मा, मोडकी छत्री — तुम्ही त्यांना 'भोंगा' म्हणायचात. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात मला फळ्यापाशी उभं करायच्या, आपण शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि ओरडायच्या, 'ऐकू येत नाही! पोटातून बोल! तुझा नवरा मेलाय, तू नाही!' कसलं बोलणं ते — पण त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडले. आणि पुढच्या सभेत तुम्ही माइक बंद केलात, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे — दुसऱ्यांदा निवडून आले ती माझ्या जिवावर, पाणीपुरवठा खातं मिळालं, डोंगरावरच्या वस्त्यांत नळ आले, बायका मला रस्त्यात थांबवायच्या. आणि तुम्हाला झोप येईना. वर जाऊन काय कान भरलेत कोण जाणे — तिकीट तुम्हाला, मानाचं पद मला.

घ्या, चहा आला. साखर तुम्हाला जास्त लागते, घातलीय.

तर तुम्ही निवडून आलात. मिरवणूक निघाली, ढोल, फटाके, उघडी जीप. आणि जीप मास्तरीणबाईंवर गेली. फुटपाथवरून नुसत्या खाली उतरत होत्या, जागीच गेल्या. तुम्ही रडत माझ्याकडे आलात, म्हणालात, वहिनी, पोरगं चालवत होतं, हौसेनं हट्ट केला, ब्रेकऐवजी भलतंच दाबलं. पोरानं कोर्टात कबूलही केलं. मी — ज्याला मी या मांडीवर भात भरवला — त्या पोराचं तोंड बघितलं नाही. इतकी वर्षं. त्याची आई गेल्यावर मीच त्याची आई होते, भावोजी, आणि तुरुंगातून तो निरोप पाठवायचा, काकूंना एकदा येऊ दे, तर मी म्हणायचे, सांगा, काकू मेली.

मग मंत्रिमंडळाची शिफारस आली, त्याला माफी द्या म्हणून. तुमचीच माणसं, तुमचीच घाई. मला आलाच राग. म्हटलं, नकार द्यायचा तर त्याच्या तोंडावर देईन. गेले तुरुंगात. समोर येऊन बसला — वाळून काडी झालाय, केस पांढरे व्हायला लागलेत या वयात. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, 'काकू, जीप बाबा चालवत होते.'

पिताय ना? प्या, निवतोय.

पोरं आईबापासाठी काय काय गिळतात. 'तू लहान आहेस, तुला थोडक्यात सोडतील, माझं सगळं राजकारण बुडेल' — असं म्हणालात ना त्याला? भर रस्त्यात, बाई तिथं पडलेल्या असताना? आणि मग भेटायलासुद्धा गेला नाहीत, कॅमेरे असतात म्हणून. आता तो बोलेल अशी भीती वाटली, तेव्हा माफी आठवली.

मी काल सगळ्यांना सांगितलं, दया आली म्हणून सही करतेय. आली, नाही असं नाही. पण खरं सांगू? मला तो बाहेर हवा होता. तुमच्या धाकाबाहेर, मोकळा, कोर्टात जाऊन जबाब द्यायला. आत्ता तो तिथंच आहे. गाडी मीच दिली. जाताना पाया पडला आणि म्हणाला, 'काकू, बाबांना आधी सांगा. त्यांनी स्वतःहून येऊन कबूल केलं तर मी काहीच बोलणार नाही. तेवढी एक संधी द्या त्यांना.' मी म्हटलं, देते. त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं मी. तुम्ही आलात तेव्हा तो अजून कोर्टाच्या आवारात वाट बघत होता — तुमची. मी तेव्हाच सांगायचं होतं. ते न सांगता मी तुम्हाला झुंबर दाखवलं, चहा सांगितला, साखर घातली...

असं बघू नका माझ्याकडे. पोराचं मन मोठं आहे, माझं नाही.

थांबा — फोन. हं, बोला... जबाब झाला? पूर्ण?... आणि तो कसा आहे?... रडतोय. बरं. त्याला घरी आणा, माझ्या घरी, आणि मागच्या दारानं आणा.

कप ठेवा तिथंच, भावोजी, पट्टेवाला उचलेल. पोलीस फाटकाशी आलेत, त्यांना ताटकळत ठेवू नका. निघा.