होडीतला कोरडा पेपर

हा किस्सा मला गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, तलासरीतल्या चहाच्या टपरीवर, खुद्द रमणकाकांनी सांगितला. काका वेवजीचे, स्वतःच्या हिमतीवर नळकाम करतात. सांधा जोडला की त्याखाली वर्तमानपत्र अंथरायचे आणि ते कोरडे राहिले तरच काम पुरे मानायचे, ही त्यांची पद्धत. रविवारी मात्र ते नदीत स्वतःची जुनी होडी वल्हवत.

सुमनकाकू काठावरूनच म्हणत, "अहो, सगळ्या तालुक्याची गळती काढता आणि घरची होडी ठिबकते! तिच्यातही पेपर अंथरा. तो कोरडा राहील त्या दिवशी बसेन मी."

"पुढच्या रविवारी नक्की," काका म्हणत. मग नेमकी कुणाची तरी टाकी फुटे.

काकू आजारपणात गेल्या. त्यानंतर काकांनी दोन दिवस खपून होडीच्या फटी बुजवल्या, तळाशी पेपर अंथरला आणि काकूंच्या अस्थी घेऊन ते एकटेच नदीत गेले.

"परत आलो, पेपर उचलला," काका मला म्हणाले. "कोरडा ठाक! आता दाखवू कुणाला?"

शेजारच्या जमनाबेन सांगतात, काका कामावर असताना काकू एकदा काठाला बांधलेल्या त्या गळक्या होडीत जाऊन बसल्या होत्या आणि ओल्या पायांनी हसत घरी आल्या होत्या.

"खरं असेल का रे?" काकांनी मला दोनदा विचारले. किश्श्यातल्या एवढ्याच भागाची खात्री मला कधीच करता आली नाही.