लॉबीतल्या तीन झाडांची छाटणी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे आपले मालक; त्यांच्या शेजारी बसलेल्या नव्या मॅनेजर मॅडम; ज्यांना निरोप द्यायला एवढ्या खुर्च्या मांडल्या ते आपले मॅनेजरसाहेब; आमच्या वहिनी; आणि समोर बसलेले दुकानदार, ऑफिसवाले, वॉचमन, लिफ्टवाले आणि माझ्या बागकामाच्या बायका, तुम्हा सगळ्यांना नमस्कार. नमस्कार झाला, आता कामाचं बोलते.

मला सांगितलंय, पाच मिनिटं बोला आणि गोड बोला. पाच मिनिटं जमतील.

मी चौथी शिकलेय. भाषण माझं मीच लिहिलंय, लेकीकडून नाही. मध्येच अडखळले तर हसू नका, थांबा.

साहेबांबद्दल काय सांगू? साहेब यायच्या आधी या संकुलात झाडांचा हिशोबच नव्हता. फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडायची, मग धावपळ, मग खर्चाची शोधाशोध. साहेबांनी पहिल्याच वर्षी बसून सगळ्या झाडांचं वर्षाचं अंदाजपत्रक केलं. छाटणी कधी, फवारणी कधी, कोणत्या झाडाला किती. सगळं लिहून. एवढी शिस्त कुणात असते हो? वहिनी, तुम्ही हसताय, म्हणजे घरीही असंच असणार.

तर यादीत झाडं होती चोवीस. ती यादी आधीच्या लोकांनी केलेली. शेवटची तीन लॉबीतली. मी म्हटलं, ‘‘साहेब, ही छाटायची नाहीत.’’

‘‘का? यादीत आहेत.’’

‘‘प्लास्टिकची आहेत.’’

‘‘मावशी, कामाचा कंटाळा आला की तुम्ही काहीही सांगता.’’

मी म्हटलं, चला खाली. आले. पान चुरगळलं, वास घेतला, कुंडीतली माती बोटाने उकरली. मातीसुद्धा खोटी! मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू मीच ती झाडं कारखान्यात ओतून आणली होती.

पण अंदाजपत्रक मंजूर झालं होतं. साहेब मालकांना सांगायला निघाले, आणि नेमकी त्याच दिवशी पार्किंगमधल्या मोठ्या झाडाची फांदी तडकली. झाडांच्या डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, टेकू द्या, वरचं ओझं कमी करा, दरवर्षी तपासा, हे झाड तुमच्या नातवंडांनाही पुरेल. नाहीतर याच आठवड्यात पाडा. आणि अंदाजपत्रकात त्या झाडापुढे मालकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘म्हातारं झाड. यावर खर्च नको.’

मालक, मान हलवू नका. अक्षर तुमचंच आहे.

साहेबांनी मला विचारलं, ‘‘मावशी, लॉबीतल्या झाडांना यंदा काही रोगबिग?’’

‘‘कसला रोग? ती आपल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहेत.’’

‘‘मग त्यांच्या वाट्याचे पैसे पार्किंगमधल्या झाडाला देऊ. पण छाटणी लिहिलीय ती झालीच पाहिजे. न झालेल्या कामावर मी सही करणार नाही.’’

असा माणूस! कात्री घेतली, लॉबीत उभे राहिले आणि तिन्ही झाडांचं एकेक पान कापून घेतलं. मग सही केली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फवारणीसुद्धा करून घेतली, मास्क लावून! लिफ्टवाले साक्षीला आहेत.

आता प्लास्टिकचं पान पुन्हा फुटतं का? नऊ वर्षं झाली. एकेका झाडाला दोन-दोन पानं उरलीत. लोकांना वाटतं छत्र्या अडकवायचा स्टँड आहे, आणि अडकवतात.

साहेब मला खाली बसायची खूण करतायत. बसणार नाही. माझी अजून दोन मिनिटं आहेत.

मी हे आज का सांगतेय? कारण मागच्या आठवड्यात मॅडमनी झाडं मोजली. नखाने टोकरून बघितलं आणि यादीतल्या त्या तिन्ही झाडांवर लाल रेघ मारली. बरोबर केलं, त्यांची काही चूक नाही. पण त्यामुळे पुढच्या महिन्यापासून मोठ्या झाडाला काहीच उरत नाही. टेकू गंजलाय, बदलायचाय. साहेब जाणार, आणि जाता जाता मला सांगतायत, ‘‘मावशी, तोंड उघडू नका, माझी अब्रू जाईल.’’ कसली अब्रू? झाड गेल्यावर अब्रू कुठे लावायची, कुंडीत?

मालक, तुम्ही गाडी कुठे लावता? माईकवर बोला.

‘सावलीत.’ ऐकलंत? सावलीत! सावली कुणाची? आता आठवतंय का!

काय म्हणालात? ‘ते झाड तर चांगलं धडधाकट आहे.’ अहो, ते का धडधाकट आहे, हेच तर मघापासून सांगतेय!

‘किती लागतात वर्षाला?’ प्लास्टिकच्या तीन झाडांना लागत होते तेवढेच. एक पैसा जास्त नाही.

मॅडम, फाईल आणलीय ना तुम्ही? मला माहीत होतं, तुम्ही शिस्तीच्या आहात. पान उघडा. ते मालकांचं वाक्य आधी खोडून घ्या, आणि तिथे मोठ्या झाडापुढे तेवढीच रक्कम लिहा. टाळ्या नंतर! आधी मालकांची सही.

बघू? हं. तारीख राहिली. घाला.

झालं. आता वाजवा टाळ्या. साहेब, रुमाल घ्या, तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याची तरतूद कुणी केलेली दिसत नाही.

साहेब, तुमच्या हाताखाली काम केलं, चिडले, भांडले, पण सकाळी कामावर यायला कधी जिवावर आलं नाही. तुम्हाला आणि वहिनींना सुखाचं आयुष्य मिळो. मालकांचे आभार, मॅडमचे आभार, ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. माझ्याकडून चुकून काही वेडंवाकडं बोललं गेलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. जे मुद्दाम बोलले, त्याची माफी मागत नाही.