भट्टीची धुणीभांडी

(टास्मानियातलं ह्युऑन नदीकाठचं एक गाव. घरामागची पत्र्याची शेड, फेब्रुवारीतली, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातली, ऊन पडलेली दुपार. नेव्हिल, त्याची बायको ग्वेन आणि शेजारी योप.)

नेव्हिल : नाही गळत.

योप : गळतोय.

नेव्हिल : अरे, तो बाहेरचा ओलावा आहे. मघाशी मीच पाणी सांडलं.

योप : मग पुसून घे आणि बघ.

नेव्हिल : पुसलं. हे घे. कोरडं ठाक.

योप : थांब जरा.

नेव्हिल : थांबलो. आयुष्यभर लाकडाचे ओंडके वाहून नेणारा ट्रक चालवला, आणि आता म्हातारपणी नळाखाली डोकं घालून थेंबाची वाट बघतोय. काय पण दिवस आलेत!

योप : पडला.

नेव्हिल : एक! एक थेंब पडला, योप!

योप : आत्ता गार पाणी आहे. उद्या उकळतं ओतलंस की धार लागेल. खोल. वायसर उलटा बसवलायस.

नेव्हिल : सकाळपासून हा नळ मी किती वेळा खोललाय, ठाऊक आहे? साध्या आइसबॉक्सला बसवलेला नळ आहे हा. राणीच्या न्हाणीघरातला नाही.

योप : आणि खोललाच आहेस तर आतून घासून घे. सोड्याच्या पाण्यात बुडव. मग जंतुनाशकात.

नेव्हिल : नवा कोरा नळ आहे!

योप : नव्या नळाला कारखान्यातलं तेल असतं. तेल असलं की बिअरला फेस येत नाही. दुधाच्या कारखान्यात आम्ही नळीत टॉर्च मारून बघायचो. एवढासा डाग राहिला तरी अख्खी टाकी नासायची.

नेव्हिल : मी म्हटलं होतं मला बिअर करायला शिकव. तू गेला आठवडाभर मला भांडीवाली करून ठेवलंयस.

योप : बिअर यीस्ट करतं. आपण फक्त भांडी घासतो.

ग्वेन : चहा! आणि कोणी मध्ये येऊ नका, ट्रे जड आहे. अरे देवा, पाय कुठे ठेवू? ही माझी शेड होती, इथे माझी रोपं असायची.

नेव्हिल : रोपं बाहेर उन्हात मजेत आहेत. बघ, ग्वेन, जरा डोळे भरून बघ. हे स्टीलचं पिंप, याचं वरचं झाकण मी स्वतः कापलं. खाली गॅसची शेगडी. या आइसबॉक्समध्ये ऊब टिकते, म्हणून यात दळलेलं बार्लीचं माल्ट गरम पाण्यात मुरत पडणार. त्याचा गोड काढा नळातून पिंपात, हॉप्सची कडू फुलं घालून उकळला, की या तांब्याच्या वेटोळ्यानं गार करायचा. हे वेटोळं मी रंगाच्या डब्याभोवती वळवलं, एकही चूण पडू दिली नाही.

ग्वेन : आणि हा आइसबॉक्स सहलीला न्यायचा होता.

नेव्हिल : सहलीला कोण जातंय?

ग्वेन : तेच म्हणते मी. कोणी जातच नाही. आणि ही पिशवी कसली? माल्ट भरायची? जरा दाखव.

नेव्हिल : जुनं फडकं आहे गं.

ग्वेन : याला कडेनं फुलं आहेत. नेव्हिल, हा माझ्या बैठकीच्या खोलीतला पडदा आहे!

नेव्हिल : होता.

ग्वेन : योप, तू याला काही बोलला नाहीस?

योप : कापड चांगलं आहे. वीण बारीक. मी म्हणालो, दोनदा उकळून घे.

ग्वेन : शिवला कोणी?

नेव्हिल : कोणी म्हणजे? मी. दाभणानं. त्यात काय एवढं?

ग्वेन : शर्टाचं बटण तुटलं की शर्ट माझ्या उशीवर ठेवतोस, आणि पिशवी शिवलीस? बरं, ते राहू दे. पोरीचा फोन आला होता, टॅम्सिनचा. डॉक्टर म्हणाले, बाळंतपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

नेव्हिल : योप, हा पाइप वरच्या तोंडाला का खालच्या?

योप : खालच्या.

ग्वेन : मी तुझ्याशी बोलतेय.

नेव्हिल : ऐकतोय ना. मार्च.

ग्वेन : तिचा नवरा महिन्यातले तीन आठवडे खाणीवर असतो. तिकडे पार उत्तरेला डार्विनमध्ये तिचं दुसरं कोण आहे? मला निदान तीन महिने तरी राहावं लागेल. आज नाही तर उद्या तिकीट काढायला हवं.

नेव्हिल : मग काढ की! मी काय दारात आडवा पडलोय? माझं काय, मी राहीन कसा तरी. सार्डिनचे डबे असतातच दुकानात.

ग्वेन : बघ, योप, बघ. असं म्हणाला की झालं! मागच्या वर्षी बहिणीकडे लॉन्सेस्टनला चार दिवस गेले होते. या माणसानं घरातली एकूण एक बशी वापरली, आणि बशा संपल्या तेव्हा मुरंब्याच्या बरणीच्या झाकणात मासे घेऊन खाल्ले. मी आले तर सिंकमध्ये शेवाळ धरलं होतं. चार दिवसांत ही तऱ्हा, तर तीन महिन्यांत घर ओळखू तरी येईल का?

नेव्हिल : मला नाही जमत ती कामं. एकेकाचा हात असतो.

ग्वेन : पोरगी पहिलटकरीण आहे, नेव्हिल. रात्री झोप लागत नाही मला. इकडे तुझी काळजी, तिकडे तिची. माझे काय दोन तुकडे करू? जाऊ दे. ओव्हनमध्ये स्कोन आहेत, करपतील. कप घरात आणून द्या, एवढं झालं तरी पुष्कळ.

योप : गेली.

नेव्हिल : जाऊ दे. स्कोन घेऊन येईल, राग विसरलेला असेल.

योप : रागावली नव्हती. रडायला आली होती.

नेव्हिल : तू नळाचं बोल. हा घे, सोड्यातून काढला. आता ते माल्टचं पातेलं दे इकडे, कालच्या नमुन्याचं. चिकटून बसलंय.

योप : गरम पाणी किटलीत आहे.

नेव्हिल : गरम नको. आधी गार. गरम ओतलंस की त्याची लुकण होते, मग बस तासभर खरवडत. गार पाण्यात भिजवायचं, लाकडी उलथन्यानं सोडवायचं, मग गरम.

योप : नेव्हिल.

नेव्हिल : काय?

योप : हे मी तुला शिकवलेलं नाही.

नेव्हिल : मग कुठेतरी वाचलं असेल.

योप : बाटल्याही तू पालथ्या घालतोस त्या तिरक्या, टेकवून. वारा आत जाईल अशा. फडकं पिळतोस ते दोन्ही मनगटं उलटी करून. गेला आठवडाभर बघतोय. नवशिक्याचे हात असे नसतात.

नेव्हिल : दुधाच्या कारखान्यात होतास की पोलिसात?

योप : कुठे शिकलास?

नेव्हिल : तू हे ग्वेनला सांगणार नाहीस.

योप : मला खोटं बोलता येत नाही. पण आपणहून नाही सांगणार.

नेव्हिल : वरच्या डोंगरात धरण बांधत होते तेव्हा. ट्रक मिळायच्या आधी. एक अख्खा हिवाळा कामगारांच्या भटारखान्यात होतो. रोज सकाळी ओटच्या लापशीची पातेली, ही एवढाली, आत माणूस बसेल अशी. लापशीचं पातेलं एकदा गरम पाण्यानं धुवून बघ, जन्मात विसरणार नाहीस. स्वयंपाकही यायचा मला. मटणाचा स्टू, वाटाण्यांचं सूप, पाव भाजायचो मी, योप. चांगला पाव.

योप : आणि घरात?

नेव्हिल : लग्न झालं तेव्हा ग्वेनलाच सगळं हौसेनं करायचं होतं. मी गप्प बसलो. मग गप्प बसायची सवय लागली. मग सांगायचीच चोरी झाली.

योप : ती बहिणीकडे गेली तेव्हा?

नेव्हिल : तेव्हा मुद्दाम केलं.

योप : बशा?

नेव्हिल : सगळ्या. शेवटच्या दिवशी तर स्वच्छ होत्या त्याही सिंकमध्ये टाकल्या. ती चार दिवसांची म्हणून गेली आणि फोनवर म्हणाली, आणखी आठवडाभर राहते. म्हटलं, घराचा उकिरडा झालाय. दुसऱ्या दिवशी बसनं हजर.

योप : वाईट केलंस.

नेव्हिल : ठाऊक आहे मला. घर फार शांत होतं रे. रेडिओ लावला तर आणखीच शांत वाटायला लागलं. तुला काय सांगायचं, तू तर इतकी वर्षं घरात एकटाच...

योप : हो. मला ठाऊक आहे.

नेव्हिल : म्हणून म्हणतो, तिला कळता कामा नये.

योप : मग आता मलाही एक सांगायला हवं. ही भट्टी तिची कल्पना आहे.

नेव्हिल : कोणाची?

योप : ग्वेनची. नाताळात माझ्याकडे आली. म्हणाली, याला एक कप धुवायला शिकव, म्हणजे मी सुखानं पोरीकडे जाईन. मी म्हणालो, कपासाठी तो हात ओला करणार नाही. बिअरसाठी करेल.

नेव्हिल : म्हणजे ते पिंप? माझ्या वाढदिवसाचं? ती शेगडी?

योप : सगळं. पडदासुद्धा तिनंच वरच्या फळीवर काढून ठेवला होता, तुझ्या हाताला लागेल असा.

नेव्हिल : आणि मघाशी केवढा थयथयाट केला! काय नाटकी बाई आहे!

ग्वेन : नाटकी मी? मी नाटकी?

नेव्हिल : ग्वेन. तू कधीची उभी आहेस?

ग्वेन : लापशीपासून. स्कोन गार झाले. स्वच्छ बशाही टाकल्यास सिंकमध्ये?

नेव्हिल : थोड्याच.

ग्वेन : चाळीस वर्षं! चाळीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून 'टोस्ट कसा करतात गं' म्हणून विचारतोय, आणि याला पाव भाजता येतो! मला न्यूमोनिया झाला तेव्हा शेजारणीनं आणलेलं सूप तू माझ्या शेजारी बसून खाल्लंस!

नेव्हिल : तिचं सूप पाणचट होतं. मी मीठ घातलं त्यात.

ग्वेन : योप, मला ते वेटोळं दे, याच्या गळ्यात घालते.

योप : ते आत्ताच धुतलंय.

नेव्हिल : चुकलं माझं. झालं? चुकलं. तू जा टॅम्सिनकडे. मी सगळं करतो. बशा धुतो, पाव भाजतो, परड्यातल्या कोंबड्या बघतो. तीन महिने काय, सहा राहा.

ग्वेन : आणि तोंड असं करून बसशील, इकडे एकटा.

नेव्हिल : माझ्या तोंडाचं काय घेऊन बसलीस? तिला तू हवी आहेस. मी फोन उचलला की पोरीचं पहिलं वाक्य काय असतं? 'बाबा, आई आहे का?' हवा कशी आहे, एवढंही नाही. 'आई आहे का?' मी म्हणतो, आहे, देतो. संपलं माझं काम. आजोबा होणार मी, पण मला कोणी विचारलंय का, की बाबा, तुम्ही येता का?

ग्वेन : तुला यायचंय?

नेव्हिल : तसं म्हणत नाही मी.

ग्वेन : नेव्हिल, होबार्टला दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी तू आदल्या दिवसापासून कण्हतोस. टॅम्सिननं मला पहिल्याच फोनला विचारलं होतं, बाबा येतील का? मीच म्हटलं, नाही गं, ते कुठले यायला. तिचा आवाज एवढासा झाला.

नेव्हिल : विचारलं होतं? तिनं?

ग्वेन : हो.

नेव्हिल : आणि तू माझ्या वतीनं नाही म्हणालीस?

ग्वेन : म्हणाले. माझंही चुकलं. डार्विनला मार्चमध्ये धो धो पाऊस असतो, अंगाचं नुसतं पाणी पाणी होतं. तुला तर आत्ता या शेडमध्येसुद्धा उकडतंय.

नेव्हिल : उकडू दे. पहिलटकरणीला लापशी चांगली. मी करून घालीन. बाळाचे कपडे धुवायलाही कोणी लागेलच ना? पण ग्वेन, भट्टी? माल्ट दळून आलंय. ते फार दिवस ठेवता येत नाही. हॉप्स त्या फ्रीजमध्ये पडलेत. एवढं सगळं उभं केलं, आता टाकून जाऊ?

योप : उद्या आपण दोघं गाळू. मग ती पिंपात बुडबुडत बसेल. पंधरा दिवसांनी बाटल्यांत भरायची, झाकणं ठोकायची, अंधारात ठेवायची. तेवढं माझं मी करेन.

ग्वेन : कोंबड्या?

योप : त्याही.

नेव्हिल : हा बघ, साळसूदपणे बोलतोय. आम्ही जूनमध्ये परत येईपर्यंत एक बाटली शिल्लक ठेवशील का, लेका? ज्यानं सगळे नळ धुतले त्याच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या, असं व्हायला नको.

ग्वेन : अरे, पिऊ दे की त्याला. एवढी राखण करायची, तर चाखायचीही नाही का?

योप : नाही चाखणार. एकट्यानं प्यायची असती, तर मी दुकानातूनच आणली असती.