चमच्याची पाठ

मैत्री : "वेग कमी वाटला, की नाक खाली." दोन महिने ग्लायडरच्या मागच्या सीटवरून श्रीधरसर हेच शिकवतायत, आई. आज मागची सीट रिकामी असणार, मी पहिल्यांदाच एकटी उडणार.

नंदा : म्हणूनच मी अजून 'हो' म्हटलेलं नाही. त्या ग्लायडरला इंजिन नाही, आणि वर नाक खाली करायचं?

मैत्री : उतारावर सायकलला पेडल मारावं लागतं का? तसंच. थोडीथोडी उंची सोडायची, वेग घ्यायचा.

नंदा : दोन हजार साल लागलं की कंपनीतले कंप्युटर बंद पडतील म्हणत होतीस. ते पडले नाहीत. आता हे पडणार नाही म्हणतेस.

मैत्री : आई! समजलं तर 'हो' म्हणेन आणि मैदानावरही येईन, असं म्हणाली होतीस ना? मग नळ सोड. चमचा दांड्याच्या टोकाला धर, अगदी सैल. आता त्याची पाठ धारेला हळूच लाव.

नंदा : लावली... अगं! मला वाटलं बाहेर ढकलला जाईल. हा तर आत ओढला गेला.

मैत्री : आणि धार कुठे गेली?

नंदा : पाठीला चिकटून वळली. पलीकडे.

मैत्री : चमचा पाण्याला तिकडे वळवतो, पाणी चमच्याला इकडे ओढतं. पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर उचलते.

नंदा : एवढंच?

मैत्री : एवढंच.

नंदा : थांब, जरा आणखी तिरका करून बघते. ही बघ, सुटली धार. चमचा नुसता लोंबतोय.

(मैत्री चमचा काढून घ्यायला हात पुढे करते.)

नंदा : चमचा का काढून घेतेस?

मैत्री : हे मी दाखवणार नव्हते. नाक फार वर गेलं की हवा अशीच सुटते. मग पंख उचलत नाही.

नंदा : आणि घाबरलेलं माणूस नाक वरच ओढणार.

मैत्री : हो. म्हणून सर सारखे बजावतात. खाली केलं की हवा पुन्हा धरते. पण तुझ्या 'हो'शिवाय मी एकटी बसणार नाही, आई. शब्द दिलाय तुला.

नंदा : शब्द मीही दिलाय. तपासल्याशिवाय काही मानू नये, हे तुला मीच सांगत आले. झालं तपासून. नळ बंद कर, पाणी वाया चाललंय.

मैत्री : म्हणजे, हो?

नंदा : स्वारगेटहून हडपसरची, तुझ्या मैदानाकडची बस मिळेल ना आत्ता?

मैत्री : अगं, आज पौर्णिमा. उपोसथाच्या व्रताची पांढरी साडी नेसलीयस. तिथे नुसती धूळ उडते.

नंदा : उडू दे. पांढरी असली, तर वरून दिसेन तुला.