पाटीवर राहिलेला बिल्ला

—हाव, चालू राहू द्या तो फोन, भरू द्या आवाज, मले काही लाज नाही. पयलं वाक्य पक्कं घ्या: ही खाण हिरालालनं चालवली. म्हणजे म्या. सायेब लोक आले अन् गेले, पण खाण चालली त मायाच भरवशावर — आता तुम्ही हासून राहिल्या म्हणून खरं सांगतो. मी ट्राल्या ढकलत होतो. त्याही उताराकडच्या. त्या आपल्या आपणच जात, मी मांगून हात लावून पळायचो, सायबाले वाटे का माणूस लय राबून राहिला.

बसा न मॅडम, इथंच बाकड्यावर. रिटायर माणसाले गेटच्या आत सोडत नाहीत. तो चौकीदार, बाबुलाल, आमच्या कॉलनीतलाच, त्याले सायकल म्या शिकवली. पण त्याच्या गळ्यात आता फोटोवाला पट्टा हाये, माया गळ्यात नाही. म्हणते, काका, बाहेरच बसा, पाणी मी आणून देतो. देते बिचारा. तुमच्यासारखं कोणी गाडीतून उतरलं का मी पकडतो. बाकीचा दिवस या निंबाची सावली जिकडं सरकते तिकडं मी सरकतो. तेही काम हायेच — त्याले सुट्टी नाही.

काय विचारलं तुम्ही? हां, कल्चर. कंपनीचं कल्चर कसं वाटलं. अवो, ते त म्याच बनवलं. खोटं नाही सांगत. सकाळी पाह्यलं असन तुम्ही — पाळी खाली उतरायच्या आधी सारे त्या खाली नेणाऱ्या लिफ्टच्या पिंजऱ्यापाशी गोल उभे राहतात अन् तीन टाळ्या वाजवतात. नवा म्यानेजर सगळ्यात जोरानं. तर झालं असं, आमचा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्या सुमाराले एक इंजिनेर आला. कोवळा पोरगा, बुटाची पालिश खराब होईन म्हणून चिखलातून बगळ्यासारखा चाले. त्याले म्या कानात सांगतलं का सायेब, हा डोंगर रागीट हाये, खाली जाताना त्याले तीन टाळ्या द्या लागतात, कोणाले सांगू नोका. झालं! बिचारा रोज खांबाआड जाऊन चोरून टाळ्या वाजवे. आम्ही पोट धरून हासू. मंग त्याले चिडवाले आम्ही वाजवू लागलो, मंग नव्या पोरायले वाटलं का नियमच हाये. इंजिनेर बदलून गेला, टाळ्या राह्यल्या. अन् हा नवा म्यानेजर आला, त्यानं पाह्यलं, त त्याच्या डोळ्यात पाणी — का पाहा, आपला कामगार धरतीमायले कसा मानते! फोटो काढला, क्यालेंडरात छापला. आता जो टाळी वाजवणार नाही त्याले बोलणी बसतात. आपण एक परिवार आहोत म्हणे, परिवारात टाळी वाजवा लागते.

नाही नाही, म्यानेजर वाईट नाही. गोड बोलते. माया निरोपाले शाल देली, नारळ देला, भाषणात म्हणाला का हरिलालजींसारखी माणसं म्हणजे या कंपनीचा पाया. मी इकडं तिकडं पाह्यलं, म्हणलं हा हरिलाल कोण बाप्पा, त्यालेही बोलवा. सारे हासले. म्यानेजरही हासला. त्याले समजलं नाही काहून हासले, पण हासला — परिवार होय न.

खरं कल्चर पाह्याचं होतं त जागेश्वरच्या टाइमले या लागत होतं. जागेश्वर आमचा मेट, आमच्या टोळीचा मुखिया. शिवी देल्याशिवाय त्याची सकाळ होत नव्हती. तवा काय राहे, खाली जाताना दिवा घ्याचा अन् आपल्या नंबराचा पितळी बिल्ला लॅम्परूमच्या पाटीवर खिळ्याले टांगायचा. वर आला का दिवा वापस, बिल्ला खिशात. पाळी सुटली अन् पाटीवर एक बी बिल्ला राह्यला, त समजाचं — माणूस खाली हाये. मंग भोंगा वाजे. मंग कोणी घरी जात नव्हतं.

तर एक दिवस मले सुचलं. वर आलो, दिवा देला, बिल्ला तसाच राहू देला, अन् लाकडाच्या थप्पीमांगं जाऊन बसलो. भोंगा वाजला. मी एकटाच हासून राहिलो. जागेश्वर पाटीपाशी आला, पाह्यलं, अन् एक शिवी देली नाही. तसाच पिंजऱ्यात बसला. आठ घंटे राबलेली सारी पाळी त्याच्या मांगं वापस खाली. कॉलनीतून बाया गेटवर आल्या. आमची कौशल्याबाई, माई बायको, तवा नवीन नवरी, हाताले कणीक तशीच. रडत नव्हती, नुसती पाटीकडं पाहून राहिली होती. मंग मायं हासणं बंद झालं, पण आता निघावं कसं? निघालो एकदाचा. जागेश्वर वर आला, मले पाह्यलं, अन् अशी थापड मारली — गाल सुजला. मी ते सुजलेलं थोबाड साऱ्या कॉलनीत दाखवत फिरलो, का पाहा, मेटानं मारलं मले! लगनातही एवढा मान भेटला नव्हता.

असो. जागेश्वर गेला, कौशल्याबाईही गेली. तुम्ही त्या निरोपाचं विचारून राहिल्या होत्या न. शाल-नारळ झालं, मी म्हणलं एकडाव खाली जाऊन येतो. गेलो, बोगद्याले हात लावला, वर आलो, दिवा देला. अन् बिल्ला — बिल्ला ठेवला टांगून. तोच जुना खेळ. घरी आलो, चहाचं मोठं गंज चुलीवर ठेवलं, म्हणलं सारी पाळी शिव्या देत येईन, चहा त पाजा लागन. साखर उसनी आणली. दारात बसलो, कान भोंग्याकडं.

नाही वाजला. आता कसा वाजन? अंगठ्याची मशीन लागली न गेटवर. म्या घरी जाताना अंगठा देला होता. मशिनीनं मले कवाच वर आणलं होतं. पाटीकडं पाह्यते कोण? पण जुनी माणसं होती न अजून पाळीत, त्यायले दिसाले पाह्यजे होतं का हिऱ्याचा, म्हणजे माया, बिल्ला राह्यला — खेळ म्हणून त खेळ म्हणून, एकानं तरी माया दारात याले काय होत होतं? चहा म्या दोन दिवस पेला.

अन् तो ईश्वर! माया ट्रालीचा जोडीदार. एका बाजूले मी, एका बाजूले तो, सारी उमर. तो मायाआधी रिटायर झाला, आंबागडले राहते, इथून सायकलनं जाता येते. त्याची बायको रुखमिणी, तिनं दोनदा निरोप धाडला का भाऊजी, आमच्या यायले करमत नाही, येऊन जा. पण तवा माई नोकरी होती, पाळी राहे, सुट्टीच्या दिवशी कपडे धुणं — कुठं जाता? राह्यलंच ते. तर तो तरी आला काय माया दारात? जोडीदार असून? नाही. असे लोक, मॅडम.

आता एक काम करान काय? हासू नोका, हा खेळ नाही. तुमच्या गळ्यात पट्टा हाये, आत गेल्या का लॅम्परूमकडून जा. डाव्या हाताले पाटी हाये, लाकडाची. माया बिल्ला तिथं हाये का कोणी काढला, एवढंच पाह्यजा. कोणाले विचारू नोका, मायं नाव काढू नोका. टांगलेला असन त असू द्या. अन् काढला असन — त कोण्या तरी माणसाचा हात लागला न त्याले. मशिनीचा नाही. एवढंच. मी इथंच बसून राहतो, जाणार कुठं. बोला, काय बोलून राहिल्या होत्या? बोला, मी चुप बसतो.

"पाहून येते, बाबा. पण ईश्वरकाका रिटायर झाले त्या संध्याकाळी तुम्ही तर पाळीवरच होता ना? त्यांचाही बिल्ला तसाच पाटीवर राहिला होता का, ते पाहिलं होतं तुम्ही?"