नवाची बाटली तेराला

(भोर, ऑक्टोबर १९४९. केशवरावांचं औषधांचं दुकान. दारातल्या बाकावर सोनबाची बायको साळूबाई, तोंडाशी पदर धरून.)

सोनबा : मागल्या खेपंला नऊ म्हनलात, आज तेरा म्हनताय. केसवराव, ह्यो औसदाचा भाव हाय का बाजारातल्या बैलाचा?

केशवराव : मधे सरकारनं रुपया उतरवला, सोनबा. सव्वातीन रुपयांचा डॉलर पावणेपाचाला गेला. क्षयाची ही सुई अमेरिकेची. तिचे पैसे डॉलरातच जातात.

सोनबा : पर मास्तरांनी पेपर वाचून दावला की. विलायती माल हाय त्याच भावात ऱ्हानार. म्हून चार बोकडं इकून मोजकं नव्वद आनलं. आता दहाच बाटल्या ऱ्हायल्या, दहा दिस, की हिची सुई संपली.

केशवराव : मास्तर खोटं नाही बोलले. इंग्लंडचा पौंड आपल्याबरोबरच उतरला, म्हणून विलायतेचा माल जिथल्या तिथं. हे अमेरिकेचं.

सोनबा : दर्याच्या पल्याड समदी विलायतच. तिथंबी बांध हाय, हे आमाला वेल्ह्यात कुनी सांगावं?

केशवराव : माझ्यावर कशाला चिडता? भाव मी ठरवतो का?

सोनबा : आन आमची बोकडं? रुपाया उतरला तर ती का न्हाई चढली?

केशवराव : ती वेल्ह्यात जन्मली, भोरात विकली. त्यांचा डॉलरशी काय संबंध?

सोनबा : मंग हिच्या छातीचा काय संबंध?

साळूबाई : भाऊ, त्या फळीवरल्या डाव्या अंगाच्या चार बाटल्या म्या श्रावनापास्नं बगतीया. हितं बसून दुसरं करायचं काय.

सोनबा : आयकलं? म्हंजी रुपाया उतरायच्या आदीच त्या दर्या वलांडून आल्यात.

केशवराव : आल्यात. पण पुढच्या मला चढ्या भावानंच आणाव्या लागणार. नवाला विकून फळी कशानं भरू? ... बरं, त्या चार नवाला न्या. चार मागल्या आठवड्यात आल्या, त्या मात्र तेराला.

सोनबा : अट्ट्याऐंशी झालं. आनखी दोन? दोन रुपयं हायती, बाकीचं बोकड इकून आनतो.

केशवराव : पैशाचं राहू द्या हो. बाटल्याच आठ आहेत. नवा भाव पक्का होईस्तोवर मुंबईचा व्यापारी पेटी सोडत नाही. पंधरा दिवस तरी जातील.

सोनबा : डाक्तर म्हनलंत, एक दिसबी खाडा नगं. खाडा पडला की आजार सुईला जुमानत न्हाई. आता म्या कुनाच्या दारात जाऊ? त्या डॉलरच्या?

केशवराव : मलाही कळत नाही, सोनबा. रोज कोणीतरी येतो आणि मी हेच सांगतो. जीव विटलाय माझा.

साळूबाई : आसूं द्या. भाऊ, आट दिस सुई घेते. फुडं पेटी येईस्तवर म्या खोकनारच न्हाई. मंग चालंल का?