घड्यांच्या अल्बमची मागची बाजू

— नाही, तिथे नका टेकू, तिथे खळ ओली आहे. ते स्टूल घ्या. वरचा गठ्ठा ठेवा खाली, काही होत नाही, शाळेची हजेरीपुस्तकं आहेत, त्यांना कुणाची घाई नाही. हां, बसा. तर मी काय सांगत होते — हा एकच लांब कागद. शिलाई नाही, सुटी पानं नाहीत. एक घडी पुढे, एक मागे, पुढे, मागे — झाला पंखा. दोन्ही टोकांना पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कापड, बांधायला फीत. मिटला तर तुमच्या आईंच्या मांडीवर मावेल, उघडला तर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल. दहा घड्या — पहिलीवर आईंचं नाव, उरलेल्या नवांवर तुमचे नऊ फोटो. ऐंशीव्या वाढदिवसाला याहून चांगलं काय द्याल? साडीसारखं कपाटात पडून राहत नाही. आणि कागद बघा कसा धरलाय मी — कागदालाही उभं-आडवं असतं, कापडासारखं. उभ्या धाग्यावर घडी घातली की निमूट वळतो, आडव्यावर घातली की तडकतो. पंधरा वर्षं झाली या दुकानात, अजून डोळे मिटून सांगते कुठला धागा कुठे जातो. फोटो द्या इकडे. पाकिटातून नीट काढा, कोपरे मुडपतात.

छान आहेत हो. ह्या आई — काय ऐट आहे बघा, पदर खोचून उभ्या आहेत सायकलपाशी! आणि हे वडील. आणि हे — थांबा, हे मागे काय केलंय? पेन्सिलने फुली. याच्याही मागे. चार फोटोंवर फुल्या आहेत. हे लावायचे नाहीत का? ... लावायचे, पण? ... याला काढून. हा उंच मुलगा. कोण हा? ... तुमचा थोरला भाऊ.

हं.

नाही, कापता येतं की. न यायला काय झालं, पोलादी पट्टी ठेवायची, कटर फिरवायचा, दोन सेकंदांचं काम. विचारत नाही मी. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावायचं नाही हा माझा नियम आहे — तीन वर्षांपूर्वी वडील आजारी असताना आला नाही? शेवटालाही नाही? बरं. सहा वर्षांत तोंड दाखवलं नाही. बरं. आणि रविवारी सगळी माणसं जमणार, त्यात आईंनी त्याला फोटोत बघितलं तर त्या रडायला लागतील, म्हणून. आईंना त्रास नको, म्हणून. ऐकलं मी. ऐकलं हो.

एक सांगू? तुम्हाला घाई नसेल तर. ही घडी दाबून होईस्तोवर सांगते. एक बाई होती — अशीच, बरीच वर्षं झाली. बिजवराशी लग्न केलेलं तिने. त्याला पहिल्या बायकोची मुलगी, सहा वर्षांची. पहिली गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती, आईचा फोटो बघितला की हमसून हमसून रडायची, म्हणून त्या माणसाने सगळे फोटो पेटीत घालून कुलूप लावलं. आता चार वर्षांच्या लेकराला चेहरा कितीसा आठवणार? पण नाही — घरात ती होतीच. तिचा स्वेटर खुंटीवर होता. तिचा कप कुणी वापरायचा नाही. आणि ही नवी आलेली — वाईट नव्हती हो. वेण्या घालायची, ताप आला की उशाशी बसायची, डबा द्यायची. सगळं करायची. पण पोर काही केल्या आई म्हणेना. काय म्हणायची माहितेय? 'अहो'! हसू नका. नवरा मला 'अगं' म्हणायचा आणि ते एवढंसं पोर 'अहो' — 'अहो, माझा डबा', 'अहो, वेणी घट्ट झाली' —

...

काय बघताय? तोंडातून निघून गेलं. हो, मला. मीच ती. दुसऱ्या बाईचं म्हणून सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही. सोडा. पट्टी द्या ती, तुमच्या कोपराखाली आहे.

तिचा आठवा वाढदिवस आला. मी म्हटलं, हिला असं काहीतरी देऊ, की आपली वाटेन मी तिला. पेटी उघडली. याच मापाचा अल्बम केला, दहा घड्यांचा, हिरवं कापड. दुकान नवं होतं, हात बसलेला नव्हता, तरी जीव ओतून केला. फोटो सगळे बापलेकीचेच हवे होते मला, पण प्रत्येकात ती होतीच ना. मग कापलं. जिथे जिथे ती, तिथे तिथे पट्टी ठेवली आणि कापलं. पोरीला त्रास नको, असंच म्हणाले मी. अगदी तुमच्याच शब्दांत. आणि उरलेल्या पट्ट्या — खळ शिजवायची शेगडी होती तेव्हा इथे कोपऱ्यात — त्या शेगडीत. निगेटिव्हसुद्धा. ओळीने. घाण वास येतो फोटो जळताना, दोन दिवस कपड्यांतून गेला नव्हता.

एका फोटोत तिघं बाकावर बसलेली. हे एका टोकाला, मध्ये पोर, पलीकडे ती. तिचा हात पोरीच्या खांद्यावर. हात काढायचा तर पोरीचा खांदा जात होता. म्हणून राहू दिला. चार बोटं फक्त. कोण बघतंय एवढं, म्हटलं.

पोरीने अल्बम उघडला, एकेक घडी सोडत गेली. हसत होती. तिथे आली आणि थांबली. 'अहो, हा हात कुणाचा?' मी म्हटलं, बाबांचा. तिने बघितलं. फोटोत बाबांच्या दोन्ही हातांत टिफिनचा डबा होता, झाकण उघडत होते ते. दोन्ही हात दिसत होते. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं — आणि म्हणाली, 'बरं.' एवढंच. हे समोरच जेवत होते. माझ्याकडे एकदा बघितलं, मग आमटीत पोळी कुस्करायला लागले. पोळी आधीच कुस्करलेली होती.

आणि पुढच्याच महिन्यात पोर मला आई म्हणायला लागली! आता बोला. अल्बम दप्तरात, अल्बम उशाखाली, परीक्षेला जाताना अल्बम. मला वाटलं, जिंकले मी. शेजारणीला सांगायचे, माझ्या हातच्या वस्तूवर काय जीव आहे बघा हिचा. अकरा वर्षं सांगत होते. लाज वाटते आता.

पाणी हवंय? तिथे माठ आहे, घ्या हाताने. मला उठता येणार नाही, घडी सुटेल.

तर — एकोणिसाव्या वर्षी ती नर्सिंगला गेली. हॉस्टेलवर. अल्बम घरी राहिला. विसरली की ठेवून गेली, देव जाणे. मी म्हटलं, घड्या फाटायला आल्यात, दुरुस्त करून ठेवू, आली की खूश होईल. याच टेबलावर उघडला. आतून पट्टी लावायची म्हणून उलटा केला — या अल्बमची मागची बाजू कुणी बघत नाही हो. कोरीच असते. हिच्या अल्बमची कोरी नव्हती. प्रत्येक घडीच्या मागे एक चेहरा. पेन्सिलने काढलेला. दहा चेहरे. पहिला म्हणजे नुसता गोल, दोन ठिपके आणि डोक्यावर केसांच्या रेघा — आठ वर्षांच्या पोरीचा हात तो. मग हळूहळू कपाळ आलं, भुवया आल्या, ओठ आले. शेवटचे तर असे काढलेले, की आता बोलतील. आणि एकही दुसरीसारखी नाही. एकीला जाड भुवया, एकीला चष्मा, एकीच्या गालावर खळी. एकीला तर — एकीला माझं नाक होतं. शोधत होती हो ती. अकरा वर्षं शोधत होती, माझ्या घरात बसून, मला आई म्हणत.

मी यांना विचारलं. कशी होती हो ती दिसायला? नीट सांगा, मी कुणाकडून तरी चित्र काढून घेईन. हे म्हणाले, 'मलाही आता येत नाही डोळ्यांपुढे. आवाज येतो.' आवाजाचं मी काय करू? तिच्या माहेरचं कुणी उरलेलं नव्हतं. शेवटी ती जिथे काम करायची त्या टेलिफोन ऑफिसात गेले. तिथे भिंतीवर एक फोटो निघाला, चाळीस बायकांचा, चेहरे तुरीच्या दाण्याएवढे. दोन जुन्या बायका शोधून आणल्या. एक म्हणाली, दुसऱ्या रांगेतली तिसरी. दुसरी म्हणाली, छे, चौथी. माझ्यासमोर भांडल्या. मी दोन्ही मोठे करून घेतले आणि लेकीला बोलावलं. सगळं सांगितलं. पट्टी, कटर, शेगडी, सगळं. तुम्ही बसलाय ना, तिथेच बसली होती ती. म्हणाली, 'हात बाईचा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, आई.' आणि दोन्ही फोटो समोर घेऊन बसली. एक तास. मग उलटे ठेवले तिने. म्हणाली, 'मला ओळखू येत नाही. माझी आई आणि मला ओळखू येत नाही.' आवाज चढवला नाही, भांडी आपटली नाहीत. चप्पल घातली आणि गेली. दोन वर्षं झाली. ड्यूटीवर असते म्हणतात. यांच्या आजारपणात येऊन गेली, यांच्यासाठी. माझ्याशी औषधांपुरतं बोलली. 'अहो, ही गोळी जेवणानंतर.'

...

झाली ही घडी. बघा, सरळ आली ना?

काय? ... घरी नेऊन तुम्हीच कापता? बरं. घरी कशाला, इथेच कापा की. हा घ्या कटर. पातं नवीन आहे, जपून. ही पट्टी. आणि हा घ्या फोटो, फुलीवाला. असा सरळ ठेवा. हे तुम्ही ना? तीन-चार वर्षांचे, भावाच्या खांद्यावर बसलेले? दोन्ही घोटे धरलेत त्याने तुमचे. आता पट्टी लावा. कुठून लावणार? इथून? मग तुमचे पाय जातात. इथून? मग त्याची बोटं राहतात तुमच्या पायाला. कापा ना. मी काही म्हणत नाही. माझा काय अधिकार, मी तर सगळेच कापले एका दुपारी.

पातं फोटोवर टेकवून ठेवू नका, ओरखडा पडेल. एक तर फिरवा, नाही तर उचला.

एक विचारू? वडील आजारी होते तेव्हा शेवटचं काय बोलणं झालं तुमचं त्याच्याशी? फोनवर काय म्हणाला तो — येत नाही म्हणाला? कामं आहेत म्हणाला? ... मोठ्याने बोला, मला डाव्या कानाने कमी येतं. ... काय म्हणालात?

कळवलंच नव्हतं.

कटर खाली ठेवा आधी. ठेवा. इकडे द्या तो. असा.

म्हणजे त्याला माहीतच नव्हतं. भांडण झालं होतं, तुम्ही रागात होतात, उद्या कळवू, परवा कळवू, आणि मग वेळच राहिली नाही — आणि आईंना काय सांगितलंत? ... 'कळवलं, पण तो आला नाही.' आणि आईंनी ते खरं मानलं. तीन वर्षं त्या थोरल्याला मनात बोल लावत बसल्यात. आणि त्याला कुणीतरी तिसऱ्यानेच सांगितलं असेल बाप गेल्याचं. म्हणजे फोटो बघून आई रडतील ही भीती नाही तुम्हाला. फोटो बघून आई म्हणतील, लाव रे त्याला फोन. ती भीती आहे.

नका, मान नका घालू खाली. मी कोण तुम्हाला बोलणारी? माझ्यापुढे लाज कसली, माझी सगळी ऐकून बसलात ना तुम्ही. फरक एवढाच की तुमचं माणूस जिवंत आहे. त्याला नंबर आहे. आईंचे डोळे शाबूत आहेत, तिसरा की चौथा म्हणून कुणाला भांडायला लागणार नाही.

रुमाल नसेल तर ते कापडाचे तुकडे आहेत तिथे, कोरे आहेत. घ्या.

हे बघा. या फुल्या मी खोडरबराने काढते, वळ राहणार नाहीत. फोटो नऊच्या नऊ लागतील, आख्खे. शनिवारी चारपर्यंत तयार होईल. पण न्यायला तुम्ही यायचं नाही. त्याला पाठवा. पत्ता सांगा, खूण सांगा, काय बोलायचं ते बोला त्याच्याशी, मला ऐकायचं नाही. तो आला तर त्याच्या हातात देईन. नाही आला तर हा इथेच राहील, फीत बांधून, आणि रविवारी तुम्ही आईंना साडी द्या.

आता उठा. आणि फोन बाहेर जाऊन करा, आत रेंज येत नाही.